तुझ्या पाठीमागे दोन रिळं

शालिक, त्या दिवशी मी हात हलवला.

तू पाठ फिरवून उभा होतास. जऊळका स्टेशनाजवळच्या तुझ्या रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर पुठ्ठ्याचे दोन डबे होते. दोन्हींत एकाच कारखान्याचं, एकाच किमतीचं मासे धरायचं रीळ. मी उजवीकडच्या डब्यावर हात ठेवला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "हे कोणाचं?" तू लाइनीकडे पाहत म्हणालास, "माहं." तुझा शब्द पुरा व्हायच्या आत माझा हात डावीकडच्या डब्यावर गेला होता. तू वळलास, माझ्या हाताखालचा डबा उचललास आणि छातीशी धरलास. तुझ्या चेहऱ्यावरचा आनंद मी फार वेळ पाहू शकलो नाही. चहाचं काय झालं, असं वहिनींना विचारत मी आत डोकावलो.

उजवीकडचं रीळ चांगलं होतं. डावीकडचं खोटं होतं. मला माहीत होतं.

हे तुला सांगायला माझ्याकडे तीन वर्षं होती आणि जवळजवळ प्रत्येक रविवार होता. आता तू गेल्यावर लिहितो आहे.

वाट्याची ही रीत आपल्या इंझोरी गावची. नदीवर धरलेल्या मासळीचे दोन ढीग करायचे, एकानं ढिगावर हात ठेवायचा, दुसऱ्यानं पाठ फिरवून नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघालं त्याचा ढीग. मग त्यात मरळ येवो की नुसती बारकी काटेरी मासळी, कुरकुर करायची नाही आणि बदलूनही मागायचं नाही. शाळेत मास्तर तुला दाराजवळ वेगळा बसवत. नदीवर मात्र आपण एकाच दगडावर बसायचो, आणि तू पाठ फिरवायचास तेव्हा मागं काय चाललंय याची तुला कधी शंका आली नाही. बाकी सगळ्या गावात तुला डोळे उघडे ठेवून वागावं लागायचं. माझ्याकडेच तेवढी पाठ करता यायची. हे मला तेव्हा कळत नव्हतं. ओट्यावर हात हलवला तेव्हा मात्र नक्की कळत होतं, कारण तोपर्यंत आपली दोघांचीही चाळिशी आली होती.

रिळाचं वेड आपल्याला लागलं ते पाटबंधारे खात्याच्या त्या साहेबामुळं. दुष्काळी कामात जऊळक्याच्या पलीकडे तलाव झाला, दुसऱ्या पावसाळ्यात तुडुंब भरला, आणि एका रविवारी तो साहेब परदेशी काठी-रीळ घेऊन आला. आपण बांबूला दोर बांधून काठालगत बसलेलो. त्यानं काठी डोक्यामागून फिरवली आणि दोराच्या टोकाचा पितळी चमचा, तो माशासारखा चमकणारा पत्रा, थेट तलावाच्या मध्यात जाऊन पडला. तू आपला बांबू खाली ठेवलास. मग म्हणालास, "वसंता, आपन आजपावतो मासे धरत नव्हतो. जे मासे रस्ता चुकून आपल्याकडे येत होते, त्याइले घरी घेऊन जात होतो."

त्यानंतर स्टेशनच्या बाकावर आपण कितीतरी रविवार रीळ निवडण्यात घालवले. वाशीमच्या एका कंपाउंडरकडे पत्र्याचं हलकं रीळ होतं. पहिल्याच मोठ्या रोहूनं त्याची मूठ उखडून नेली, ते आपण पाहिलं होतं. मी म्हणत होतो, घ्यायचंच तर साहेबासारखं परदेशी घेऊ, वर्षभर थांबू. तू डोकं हलवलंस. "लय महागाचं नोको. मंग आपन मासे धरनार नाई, रीळच धरून बसू. मधल्या किमतीचं घे. पन पारखून घे."

पारखायचं कसं, हेही तूच शिकवलंस. तू पॉइंट्समन. गाडीचा रूळ बदलणारा काटा नीट बसला की नाही हे तुला सिग्नलच्या दिव्याआधी आवाजावरून कळायचं. तू सांगितलंस: मूठ डोळे मिटून फिरव, आतल्या चाकांचे दाते कुठं अडखळले तर हाताला कळेल. ज्या फिरकीवर दोर गुंडाळतो तिच्या कडेवरून नख फिरव, खरखर लागली तर तिथं दोर तुटणार. ब्रेक आवळून दोर ओढून पाहा, तो झटक्यानं नाही, एकसारखा सुटला पाहिजे. आणि सगळ्यांत महत्त्वाची तारेची कमान. दोर फेकायच्या आधी ती उघडायची, आणि मूठ फिरवली की तिनं आपोआप खाली पडून दोर पकडायचा. "थे कमान दहा डाव पाडून पाह्य," तू म्हणाला होतास. "काटा नऊ डाव बसला अन् एक डाव नाई बसला, त गाडी त्या एकाच डावाले येते."

कचेरीच्या कामानं मी वाशीमहून नागपूरला गेलो. तिथं बंदुका-काडतुसांचं एक जुनं दुकान होतं. शिकारीवर बंदी आल्यापासून त्या दुकानदारानं गळ आणि रिळं ठेवायला सुरुवात केली होती. मधल्या किमतीची दोनच उरली होती. मी तू सांगितलेली पारख दोन्हींवर केली. नख फिरवलं, ब्रेक पाहिला, डोळे मिटून मूठ फिरवली. पहिल्याची कमान दहाच्या दहा वेळा टक् करून पडली. दुसऱ्याची दोनदा अर्ध्यावर राहिली. म्हाताऱ्या दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "एक बूँद तेल डालो साहब, बैठ जाएगा."

मी दोन्ही घेतली. येताना गाडीत ठरवलं होतं, शालिकला सांगायचं, एकात खोट आहे, तेलानं बसली तर बसली, नाही तर परत करू. खोटं रीळ माझ्या वाट्याला आलं तर मीच ठेवीन, असंही ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं. पण ओट्यावर डबे उघडले तेव्हा चांगल्या रिळाची ती कमान मी एकदा पाडून पाहिली, आणि तो टक् आवाज मला हवासा झाला. तेवढ्यात तू म्हणालास, "थांब, सांगू नोको काई. वाट्यानंच घेऊ." आणि पाठ केलीस.

मी पारखून आणलं म्हणून तू ते परत पारखलं नाहीस; तेल तेवढं मी गुपचूप खूप घातलं. कमान बसली नाही.

पहिल्या महिन्यातच कळलं की पाच-सहा फेकींत एकदा ती अर्ध्यावर राहते. मग दोर सुटा पडतो, त्याचा गुंता होतो, आणि तेवढ्यात चमचा तळाला जाऊन बुडालेल्या बाभळीत अडकतो. माझा चमचा अडकला तर मी दोर तोडून मोकळा व्हायचो. तुला ते जमत नव्हतं. चमचे इकडे मिळत नाहीत, म्हणून तू सदरा काढून पाण्यात उतरायचास.

माझी भीती तिथून सुरू झाली.

मला पोहता येत नाही, हे तुला ठाऊक होतं. तुला येत होतं. पण त्या तलावाच्या तळाला काळा गाळ, गाळात बाभळीची खुंटं, काटे आणि तुझाच सुटा पडलेला दोर. तू कमरेपर्यंत गेलास की मी काठी टाकून उभा राहायचो. छातीपर्यंत गेलास की मी तुझ्याशी मोठ्यानं काहीबाही बोलत राहायचो, तू उत्तर दिलंस म्हणजे तू आहेस एवढं कळावं म्हणून. तू हसायचास. शनिवारपासूनच मी न जायची निमित्तं शोधायचो. कधी पाहुणे आहेत म्हणून निरोप धाडायचो, आणि मग दिवसभर वाटायचं, आज तू एकटाच गेला असशील. ते आणखी वाईट. पुढच्या रविवारी मी पहिल्या गाडीनं हजर.

मी एकदा म्हटलं, रीळ बदलून घे, माझं तुला, तुझं मला. आठवतं? तू रागावलास. "वाट्यात आलं थे आलं. लहानपनी कधी बदललं का आपन?" खरं सांगितल्याशिवाय ते रीळ तुझ्या हातून काढून घ्यायचा मार्गच नव्हता. आणि खरं सांगायचं म्हणजे हाताचं सांगावं लागलं असतं.

श्रावण सरत आला होता त्या दुपारची गोष्ट. काठावर आपण दोघंच. चमचा दूरच्या खुंटात अडकला. तू आत गेलास, गळ्यापर्यंत गेलास, वाकलास, आणि दिसेनासा झालास. मी वाट पाहिली. पाणी सारखं झालं. तू उतरलास तिथून उठलेल्या लाटा काठाशी येऊन विरल्या, तरी तू वर आला नाहीस. माझ्या हातात माझी काठी होती. ती पुढं करावी, ओरडावं, रुळाकडे पळत जाऊन तिथं काम करणाऱ्या गँगच्या माणसांना हाक मारावी, यातलं मी काही केलं नाही. मनात एकच गोष्ट फिरत होती: उजवीकडचा डबा, डावीकडचा डबा. मग तू एकदम वर आलास. तुझ्या पोटरीला दोराचा विळखा होता, मांडीवर काट्यांचे ओरखडे. तू स्वतःच पाय सोडवला होतास, स्वतःच काठाला आलास. शालिक, माझे पाय कोरडे होते.

तू बराच वेळ खोकलास. मग मूठ उघडून चमचा दाखवलास. "घाबरला का बे? तोंड पाह्य तुहं. मीच तुले भाईर काढलं असं दिसून राह्यलं."

तेव्हा मी सांगायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते. आणि मी काय बोललो? भीतीचा राग झाला आणि मी तुझ्यावर खेकसलो. "नीट मूठ फिरवत जा ना. तुह्या हाताले त्या लिव्हर ओढाची सवय. हे नाजूक काम हाय, असं आडदांडासारखं नाई जमत."

तू आपला तळवा वर करून पाहिलास. उलटा करून पाहिलास. "व्हय," म्हणालास. "हातच राकट हाय माहा."

रीळ लबाडीनं दिलं ते एक. पण त्या दिवशी मी तुझ्या हातालाच दोष लावला, तेही तू मरणाच्या दारातून आलेला असताना. आणि तू तो घेतलास. ज्या हातानं एवढ्या वर्षांत एक गाडी चुकीच्या रुळावर जाऊ दिली नाही, तो हात नाजूक कामाला नालायक आहे हे तू माझ्या सांगण्यावरून मान्य केलंस.

मग तुझा सराव सुरू झाला. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात क्वार्टरमागच्या मोकळ्या जागेत शिशाचा तुकडा बांधून तू फेकत बसायचास. कमान अर्ध्यावर राहिली की मनगट झटकायचास, बोटं मोडायचास. वहिनी मला सांगत, "भाऊजी, हे आजकाल लुगडे वाळत घालाच्या दोरीवर मासे धरतेत." आपण हसायचो. तू सगळ्यांत जास्त हसायचास आणि परत फेकायचास. एकदा तू म्हणालास, "तुह्या रिळानं एक डाव फेकून पाहू दे, हात कुठं चुकते थे समजंन." मी दिलं नाही. ब्रेक नुकताच जुळवलाय, बिघडेल, असं सांगितलं. तू लगेच म्हणालास, राहू दे, राहू दे. तुझ्या हातात ते एकदा गेलं असतं तर पाच मिनिटांत तुला कळलं असतं की तुझ्या हातात काही वाईट नाही. म्हणूनच मी दिलं नाही.

आणि तरीही प्रत्येक रविवारी मासळीचे ढीग घातले की तू पाठ फिरवायचास. ते मला सोसवेना. मी म्हटलं, आता कायले हे पोरखेळ, तुले जे पाहिजे थे उचल. "काहून? आता भरोसा नाई का?" असं विचारलंस आणि उभा राहिलास, लाइनीकडे तोंड करून. मी ढिगावर हात ठेवायचो तो दगडासारखा दाबून. तू काहीही म्हण, हलणार नाही. तुझ्या त्या पाठीची मला पाण्याहून जास्त भीती वाटायची.

तुला माहीत होतं का? हा प्रश्न आता माझ्यापाशीच राहणार. कधी वाटतं, तुला सावली दिसली असेल, आवाज आला असेल, तू तर आवाजावरून काटा ओळखणारा. मग वाटतं, माहीत असतं तर तू इतका सराव कशाला केला असतास? असं म्हटल्यावर थोडं बरं वाटतं, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटते.

त्या सोमवारी पॅसेंजरचा गार्ड कचेरीत आला. "जऊळक्याचे शालिकराम गेले," म्हणाला. मी पहिला शब्द बोललो तो, "पाण्यात?" तो माझ्याकडे विचित्र पाहायला लागला. "नाई हो. ड्यूटीवर जायच्या आंधी चहा पेत होते. छातीत कळ आली." शालिक, मी खुर्चीत बसलो आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. तू गेला होतास आणि मला हायसं वाटलं, कारण तू त्या रिळानं गेला नव्हतास. तेवढे दोन-तीन क्षण मी सुखी होतो. मग रडू आलं. कचेरीतल्या लोकांनी मला धरलं, पाणी दिलं, केवढी माया म्हणाले.

त्या दिवशी मातीला आलो तो लोकांच्या मागं उभा राहिलो आणि कोणाशी न बोलता परतलो. काल पुन्हा तुझ्या घरी गेलो. वाशीमहून जऊळक्यापर्यंत मी स्वतःला समजावत आलो की आता सांगून कोणाचं काय भलं होणार. गेलेल्या माणसाला काही कळायचं नाही, आणि वहिनींच्या दुःखात भर पडेल ती वेगळीच. हे सगळं पटत होतं. पटत होतं म्हणूनच त्यावर विश्वास बसत नव्हता.

ओट्यावर सतरंजी होती. नुकतीच बुद्धवंदना झाली होती. तुझी माणसं बसली होती, वहिनींचे थोरले भाऊ होते. आत खुंटीला तुझी काठी, तिला ते रीळ. वहिनींच्या भावाची नजर तिकडे गेली आणि ते तुझ्या आठवणीनं हसले, डोळे पुसत म्हणाले, दाजींना सगळं जमलं, हे मशीन तेवढं शेवटपर्यंत जमलं नाही. दोघं-तिघं मान हलवून हसले. वहिनी म्हणाल्या, "हातच तसा त्याइचा, लोखंडाचा. भाऊजीनं लय शिकवलं बिचाऱ्यानं."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उपकार मानल्यासारखं.

मला फक्त मान हलवायची होती. पुढं कोणी कधी विचारलं नसतं. तुझ्या घरात, तुझ्या माणसांत, राकट हाताचा शालिक असाच तू राहिला असतास. मला त्या भावाची भीती वाटली. बसलेले सगळे काय म्हणतील याची भीती वाटली. म्हणतील, शेवटी हाही तसलाच निघाला, तोंडावर दोस्ती आणि पाठीमागं हे. आणि ते खोटंही म्हणता आलं नसतं. हे घर आजपासून आपल्याला बंद, असं मनात आलं. तरी मी बोललो.

सगळं सांगितलं. नागपूरचं दुकान, दहादा पाडलेली कमान, दोन डबे, तुझी पाठ, माझा हात. तलावातली दुपार आणि मी तुला काय बोललो ते. मधे एक मालगाडी गेली. ती जाईपर्यंत थांबलो आणि मग उरलेलं सांगितलं. वहिनींच्या भावानं मान फिरवली.

वहिनींनी विचारलं, "त्याइले माहीत होतं?"

"नाई सांगू शकत, वहिनी. मी कधी सांगतलं नाई."

"रोज त हात घासत होते ते. राखेनं घासत होते, नरम पडावे म्हनून." त्यांचा आवाज चढला नाही. "तुमी काहून नाई सांगतलं?"

"भेलो."

"कायले?"

"तो परत माह्याकडे पाठ करून उभा राहनार नाई, म्हनून."

वहिनी आत पाहत राहिल्या. झालं गेलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाव्यात अशी मीही आशा केली नाही. मी सतरंजीवरून उठलो आणि सगळ्यांच्या समोर हात जोडले.

"शालिकचा हात चांगला होता, वहिनी. रीळ खोटं होतं. मी त्याले फसवलं, अन् वरून दोषबी त्यालेच देला. त्याची माफी मांगाले उशीर झाला. तुमची मांगतो. मले माफ करा."